सगळ्या वायरी काळ्या

गाड्यांच्या वायरिंगचं काम मी चाळीस वर्षं केलं आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं एकाच रंगाची वायर वापरली. काळी. हेडलाइटला काळी, हॉर्नला काळी, मागच्या लाल दिव्यालाही काळीच. वायरचं भेंडोळं काढून देताना दुकानदार विचारायचा, अण्णा, दुसरा रंग नको का? मी म्हणायचो, करंट आंधळा असतो, त्याला रंगाचं काय.

खरं कारण वेगळं होतं आणि आता या वयात ते लपवून करायचं काय. मी वायर ओढलेली गाडी दुसऱ्या कुणाला उघडता येऊ नये, हे ते कारण. डॅशबोर्ड खोलला की आतून काळा जुडगा बाहेर यायचा, बाईच्या सुटलेल्या अंबाड्यासारखा. त्यातली कुठली बट कुठं जाते ते फक्त माझ्या बोटांना ठाऊक. गिऱ्हाईक फिरून माझ्याकडंच यायचं. शाळा माझी दुसरीपर्यंत. हे जे लिहितोय तेसुद्धा साठी उलटल्यावर अक्षर घोटून. त्या वेळी गाडीचं काही लिहून ठेवायची सवय नव्हती, म्हणून विसरायचीही नव्हती. शंभरभर गाड्यांच्या वायरी माझ्या डोक्यात होत्या आणि त्याचा मला माज होता. माजच म्हणायचं, दुसरा शब्द नाही.

दुकान बेंगळुरात, जे. पी. नगरात. खाली दहा बाय बाराची खोली, वर आम्हा नवराबायकोचं घर. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीतून मी इथं आलो होतो तेव्हा त्या भागात माणसांपेक्षा नारळीची झाडं जास्त होती. दुकानासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं मोकळा प्लॉट. त्या प्लॉटवर माझा हक्क नव्हता, पण माझं काम त्याच्यावर चालायचं. गाडीचे दिवे जुळवायचे तर ती सपाट जागेवर, भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करावी लागते. दिव्याची उंची मोजून भिंतीवर खूण करायची आणि उजेडाचा गोळा त्या खुणेच्या चार बोटं खाली पाडायचा. वर गेला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, फार खाली गेला तर रस्ता दिसत नाही. मी गाडी त्या प्लॉटवर उभी करायचो, तोंड माझ्या दुकानाकडं, आणि दुकानाचं शटर ओढून त्याच्यावर खडूनं खुणा करायचो. प्रत्येक गाडीची खूण वेगळी. शटरवर इतक्या खुणा होत्या की बायको म्हणायची, घराला दृष्ट लागायची भीती नाही, बघणाराच गोंधळून जाईल.

आमच्या धंद्यात वर्षाचा निकाल आयुधपूजेला लागतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बेंगळुरात सगळी हत्यारं आणि सगळ्या गाड्या पूजेला बसतात. गाडी धुवायची, पुढं केळीचे खुंट बांधायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचं, कोहळा ओवाळून फोडायचा. गाडीवाला आपली गाडी घरी पुजतो किंवा ज्या मिस्त्रीवर त्याचा जीव असेल त्याच्या दारात आणून पुजतो. कुणाच्या दारात किती गाड्या लागल्या हे सगळा रस्ता बघत असतो. माझ्या दारासमोरची पहिली जागा एका पांढऱ्या पिकअपची होती. ती अक्काची. बाकीच्यांनी कुठंही उभं राहावं, ती जागा सोडून.

अक्का म्हणजे फुलांच्या व्यापारातली बाई. तीन-चार पिढ्यांपूर्वी बेंगळुरात आलेल्या मराठी घरातली. बोलणं मराठीच, पण मध्ये मध्ये कन्नड पेरलेलं. तिच्या नवऱ्याला आम्ही सगळे यजमान म्हणायचो. आधी गाडी ते चालवायचे. पुढं त्यांना अंधारात दिसेनासं झालं, तेव्हा अक्का चालवायला शिकली. पहाटे बाहेरच्या खेड्यांतून शेवंती, अबोली, झेंडू भरायचा आणि उजाडायच्या आत फुलांच्या बाजारात उतरवायचा. यजमान शेजारी बसायचे, हातात बॅटरी घेऊन. ती कशाला, असं मी एकदा विचारलं तर अक्का म्हणाली, "त्यांना वाटतं त्यांचाही एक दिवा आहे. वाटू दे की."

तर अशी सगळी घडी बसलेली असताना समोरच्या प्लॉटवर एक दिवस विटा पडल्या.

दुकान उभं राहिलं आणि त्यात माणूस आला तो माझ्याच धंद्यातला. फौजेतून निवृत्त झालेला, तिथल्या गाड्यांचं वायरिंग केलेला. कन्नड किंवा तमिळ माणूस असता तर मी एवढा जळलो नसतो. हा बेळगावकडचा, माझ्याच मुलखातला, माझ्याच भाषेत बोलणारा. पहिल्याच दिवशी रस्ता ओलांडून आला आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार पावणं. शेजारी आलोय, सांभाळून घ्या."

"शेजारी नाही, समोर आलाय," मी म्हटलं.

तो हसला. मी थट्टा केली असं त्याला वाटलं. मी थट्टा केली नव्हती.

त्याच्या दुकानात खिळ्यांवर वायरींची भेंडोळी टांगलेली असायची. तांबडी, निळी, पिवळी, हिरवी, पांढरी. कासाराचं दुकान वाटावं. काम झालं की बॉनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवायचा, त्यावर कुठली वायर कुठं जाते त्याचं चित्र. म्हणजे उद्या कुणीही सोम्यागोम्या ती गाडी उघडणार आणि दुरुस्त करणार. मला ते कागद बघवायचे नाहीत. घरात तिजोरी ठेवायची आणि किल्ली दारावर टांगायची, असला प्रकार. शिवाय दुकानाबाहेर त्यानं बाक ठेवला होता. गिऱ्हाईक त्यावर बसायचं, चहा प्यायचं, पेपर वाचायचं. माझ्याकडं गिऱ्हाईक उभं राहायचं आणि मी काय करतो ते बघायचं. चालायचं की तसं.

लोक मला मिस्त्री म्हणायचे आणि त्याला सुभेदार साहेब. हा साहेब शब्द मला मुंगी चावल्यासारखा चावायचा. मी चौकशी केली. त्याच्याच गावाकडचा एक माणूस भेटला, त्याच्याकडून कळलं की गडी हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. सुभेदारबिभेदार काही नाही, लोकांनीच वाढवून ठेवलेलं. मला इतका आनंद झाला की मी ते चहावाल्याला सांगितलं, सायकलवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. चहावाल्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पण गाडीचा दिवा लागतो ना अण्णा?"

मी दिवसातून किती वेळा समोर बघायचो ते मला कळत नव्हतं, पण बायकोला कळत होतं.

"अहो, जसं मी बघायला पाहिजे तसं तुम्ही बघताय."

"म्हणजे?"

"समोर सवत आणून बसवली असती तर मी असं बघितलं असतं. घ्या, चहा गार झाला."

पहिल्या आयुधपूजेला मी शटरच्या फटीतून मोजलं. माझ्याकडं सहा गाड्या, त्याच्याकडं चार. आदल्या वर्षी माझ्याकडं नऊ होत्या. म्हणजे तीन कुठं गेल्या ते उघड होतं. पण अक्काची पिकअप माझ्या दारात होती, पहिल्या जागेवर, हेडलाइटला झेंडूच्या माळा घालून. तेवढ्यावर माझं वर्ष निघालं.

त्यानंतरच्या थंडीत अक्का दोन मोठे गोल दिवे घेऊन आली. जेवणाच्या ताटाएवढे.

"अण्णा, हे पुढं ज्यादा बसवायचे. धुक्यात काही दिसत नाही. परवा रस्त्यातच दगडाचा ट्रक उभा, मागं दिवा नाही काही नाही. हातभर अंतरावर ब्रेक लागला."

"मी ओरडलो म्हणून," यजमान म्हणाले.

"तुम्हाला दिसतंय कुठं ओरडायला?"

"डिझेलचा वास आला."

मी हसत हसत दिवे हातात घेतले. तेवढ्यात अक्का सहज बोलून गेली, "समोरचे साहेब म्हणत होते, मध्ये रिले घालून घ्या म्हणून."

"समोरच्यांना कधी विचारलंत?"

"चहा घेत होते तिथं. बाकावर."

माझं हसू तिथंच संपलं. अक्का त्या बाकावर बसली होती. चहा प्याली होती. आणि माझ्या कामाबद्दल त्याला विचारलं होतं.

रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. मोठ्या दिव्यांना करंट जास्त लागतो. तो बॅटरीतून थेट दिव्यापर्यंत जाड वायरनं न्यायचा, आणि डॅशबोर्डवरच्या स्विचनं त्या डबीला फक्त हुकूम द्यायचा, चालू हो, बंद हो. स्विचमधून मोठा करंट जातच नाही, म्हणून तो तापत नाही. मी सगळा करंट स्विचमधूनच न्यायचो. वायर जाड ओढली की झालं, अशी माझी समजूत. रिले मला घालायचा नव्हता असं मी त्या वेळी म्हणालो. लिहायचंच तर खरं लिहावं. मला तो येत नव्हता. कुठल्या पायाला काय जोडायचं ते डबीवर आकड्यांत लिहिलेलं असायचं, त्यांचा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता आणि मी कुणाला विचारला नव्हता.

"रिले म्हणजे भानगड," मी अक्काला सांगितलं. "जेवढे जास्त जोड तेवढे जास्त बिघाड. माझी वायर जाड आहे."

"सरी," अक्का म्हणाली, म्हणजे बरं. "तुम्ही म्हणाल तसं."

तिनं माझ्यावर सोडलं. ते लक्षात ठेवायची गोष्ट आहे.

बंपरवर पट्ट्या मारून मी दिवे बसवले. करंट हेडलाइटच्या वायरीतूनच काढला, तेवढीच वायर वाचते. डॅशबोर्डला भोक पाडून स्विच बसवला. बटण दाबलं तर फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. फ्यूज उडतो म्हणजे गाडी सांगत असते की बाबा, एवढं ओझं मला झेपत नाही. मी ऐकलं नाही. वायरीतल्या तांब्याच्या दोन तारा काढल्या आणि फ्यूजवर गुंडाळल्या. आता उडेल तर शपथ. तेव्हा अर्धं बेंगळूर हेच करायचं, पण अर्ध्या बेंगळुराच्या गाड्या पहाटे अंधारात फुलं आणत नव्हत्या.

संध्याकाळी दिवे जुळवायला घेतले. प्लॉट गेलेला, म्हणून गाडी रस्त्यातच आडवी लावली, मागचं चाक जवळजवळ त्याच्या पायरीला. शटर ओढलं, खडूनं दोन खुणा केल्या. तो बाकावर बसून सगळं बघत होता.

"हे खडूचं बरं आहे हं पावणं," तो म्हणाला. "आमच्याकडं याला मशीन होतं."

मी त्याला टोमणा समजलो. आज वाटतं, कौतुकही असेल. तेव्हा त्याच्या तोंडून निघालेलं काहीही मला टोमणाच वाटायचं.

बटण दाबलं आणि माझं शटर पांढरंफेक झालं. पत्र्याची घडीन् घडी दिसायला लागली.

"अय्यो, उजाडलं की," अक्का म्हणाली. मी समोर बाकाकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसेल म्हणून बघितलं, पण तो उठून आत गेला होता.

उन्हाळ्यात अक्का आली. "बटण गरम होतंय अण्णा. स्वल्प बघा की."

मी हात लावला. चटका बसला. मी म्हटलं, "पहाटे थंडी असते अक्का, हात शेकायला बरं." यजमान हसले. मी स्विच काढून त्याहून मोठा बसवला आणि त्यांना पाठवून दिलं. ते वाक्य मी पुढं किती वेळा आठवलं, मोजदाद नाही.

दसऱ्याला आठ-दहा दिवस राहिले होते. फुलांच्या व्यापारात वर्षाचं पीक याच दिवसांत निघतं. पहाटे रिपरिप पाऊस होता. अक्काची गाडी शेवंतीनं भरलेली, ती कनकपुरा रस्त्यानं शहराकडं येत होती. आधी जळका वास आला, मग डॅशबोर्डमागून धूर, आणि मग पुढचं सगळं एकदम काळोखात. नुसते ज्यादा दिवे नव्हेत, हेडलाइटसुद्धा. एकाच वायरीतून सगळं काढल्यावर दुसरं काय होणार. धूर थांबल्यावर यजमान खाली उतरले आणि हातातली बॅटरी पेटवून गाडीच्या पुढं चालायला लागले. ज्याला अंधारात दिसत नाही तो पुढं आणि जिला दिसतं ती त्याच्या मागं, पावलापावलानं. असं करत ते पुढच्या खेड्यात पोचले. तिथं एक मिस्त्री गॅरेजातच राहायचा, त्याला उठवलं. त्यानं डॅशबोर्ड खोलला, बल्ब लावून आत बघितलं आणि विचारलं, "हे कुणी केलंय? सगळ्या वायरी काळ्या? ज्यानं केलं त्याच्याकडं न्या." आणि परत लावून टाकलं.

ते उजाडेपर्यंत तिथंच बसून राहिले. बाजारात पोचले तेव्हा घेणारे घेऊन गेले होते. ओल्या पोत्यांतली शेवंती आतून तापून काळी पडलेली. निम्मी गाईंना घातली.

हे सगळं अक्कानं मला माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता आणि मला बरं वाटलं असतं.

"अण्णा," शेवटी ती म्हणाली, "त्या माणसाला वायर कळली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं."

मी हातातली पकड फडक्यानं पुसत राहिलो. 

"सरी," ती म्हणाली. गाडीत बसली, गाडी वळवली, आणि रस्ता ओलांडून समोरच्या दारात नेऊन उभी केली. वीस पावलांचं अंतर. मला ती गाडी परगावी गेल्यासारखी वाटली.

पुढचे दोन दिवस मी काही काम केलं नाही. हातात पकड घ्यायचो आणि समोर बघत बसायचो. सुभेदार गाडीत उकिडवा बसून टेस्टरचा बल्ब एकेका वायरीला लावत होता. लागला की वही काढून काहीतरी लिहायचा, मग डोकं खाजवायचा, मग खोडायचा. मला आतून उकळ्या फुटत होत्या. बस म्हटलं. शीक म्हटलं. फौजेच्या मशीनवर शिकवलं नसेल हे. माझी बायको वरून हे सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी जेवण वाढताना म्हणाली, "पोथी वाचल्यागत बसलाय तो तुमच्या वायरींपुढं. एवढं मन लावून तर मीसुद्धा तुमच्याकडं कधी बघितलं नाही." मी जेवलो नाही.

दुपारी त्यानं पकड बदलली. कापायची घेतली. मला वरून दिसलं की त्यानं जुडगा मुठीत धरलाय आणि पकडीचा जबडा त्यावर ठेवलाय. मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही.

"काय करताय?"

"काढून टाकतो सगळं. नवीन ओढतो." त्यानं घाम पुसला. "दोन दिवस झाले पावणं. तुमची मोडी मला वाचता येईना."

बाकावर अक्का बसली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, रस्त्याकडं बघत होती.

खरं तर हीच माझी जीत होती. फौजेतला साहेब हरला होता, माझ्या तोंडावर हरलो म्हणत होता. मी गप्प बसायचं होतं. पण त्या पकडीखाली माझे हात होते. एवढी वर्षं मी कुणाला माझी वायर कापू दिली नव्हती. जुडगा कापून रस्त्याच्या कडेला टाकणार, भंगारवाला येऊन तांब्यासाठी जाळणार, हे मला सहन होईना.

"कापायचं नाही," मी म्हटलं. "मी सांगतो."

तो बाजूला सरकला. मी गाडीत शिरलो, डोळे मिटले आणि बोटं आत घातली. डोळे उघडे असले की मला गोंधळायला होतं. "ही हॉर्न. ही डावा इंडिकेटर. ही आत वळते, ती वायपरची. हिला मध्ये जोड आहे, बॅटरीच्या खाली, टेप मारलेला." तो कागदाच्या चिठ्ठ्या बांधायला लागला. मी म्हटलं, कागद पहिल्या पावसात जातो. मग त्यानं रंगीत टेप आणली. मी नाव सांगायचं, त्यानं टेपचा तुकडा गुंडाळायचा आणि टेस्टर लावून बघायचं. तेवीस वायरी होत्या. तेवीसही वेळा बल्ब लागला.

"एक चुकली नाही," तो म्हणाला. हे त्यानं अक्काला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. माझी छाती फुगली आणि त्याच वेळी जळलीही. माझं कौतुक करायला हाच मिळाला होता का जगात.

मग जळलेली वायर ओढता ओढता त्याच्या हातात फ्यूज आला. तांब्याच्या तारा गुंडाळलेला, काळा पडलेला. त्यानं तो तळहातावर घेतला, बघितला, माझ्याकडं बघितलं. अक्का चार हातांवर होती. मला वाटलं आता हा दाखवणार. मी असतो तर दाखवला असता, वर दोन शब्दही बोललो असतो. त्यानं मूठ मिटली आणि फ्यूज खिशात टाकला. ती गोष्ट मी त्याला आजवर माफ केली नाही. वाईट वागला असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी त्यानं रिले बसवला. स्विच माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या डबीवर ठेवायला सांगितलं. बटण दाबलं. डबीच्या आत खट् झालं, बोटाला कळेल एवढंच. समोर दिवे लागले. स्विच थंडगार.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

एवढंच होतं, आणि एवढ्यासाठी अक्काची शेवंती गाईंनी खाल्ली होती.

आयुधपूजेला अक्काची पिकअप कुठं उभी राहणार ते मला ठाऊक होतं, तरी मी सकाळी दारासमोरची पहिली जागा झाडून ठेवली. तीन गाड्या आल्या. त्यातल्या एकाला मी त्या जागेवर गाडी लावू दिली नाही, तो रागावून गेला. मग दोन राहिल्या. अक्काची गाडी दुपारी आली, धुतलेली, केळीचे खुंट बांधलेली. समोरच्या दारात मागची बाजू लावून, तोंड रस्त्याकडं करून उभी राहिली. मी माझी पूजा उरकली. पाने, पकडी, टेस्टर, सगळी हत्यारं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली, आणि शटर ओढून वर जाऊन बसलो. त्या दिवशी हत्यार उचलायचं नसतं. देव म्हणून बसवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीच हलवायचं. हे लहानपणापासूनचं.

दिवेलागणीला समोर आरती झाली. अक्कानं कोहळा ओवाळला आणि फोडला. सगळ्यांना चुरमुरे वाटले. मग ती गाडीत बसली आणि तिनं दिवे लावले, चारही. उजेड रस्ता ओलांडून माझ्या बंद शटरवर पडला.

मी वरच्या गॅलरीतून वाकून बघितलं. खडूच्या खुणा अजून होत्या. त्या थंडीत काढलेल्या, अक्काच्या गाडीच्या दोन खुणा. डावा गोळा खुणेखाली बरोबर होता. उजवा चार बोटं वर.

तसाच उठलो. खाली गेलो. बायको मागोमाग आली.

"हत्यारं पूजेला बसलीत," ती म्हणाली. "आज नका उचलू."

"उद्या पहाटे तिची गाडी जाणार. समोरच्याचे डोळे दिपले की तो अंगावर येतो."

 बायकोनंच खाली वाकून पान्यावरचं फूल बाजूला केलं आणि पाना माझ्या हातात दिला. "कुंकू पुसू नका तेवढं."

मी शटर अर्धं वर करून वाकून बाहेर आलो आणि ते परत खाली ओढलं, कारण भिंत म्हणून मला तेच लागणार होतं. रस्ता ओलांडला. माझ्या हातातला कुंकवाचा पाना बघून बाकावरची माणसं बोलायची थांबली.

"पावणं, आज?" सुभेदार म्हणाला.

"उजवा दिवा वर आहे. चार बोटं."

"मी जुळवलाय."

"कशावर? तुमच्यासमोर भिंत आहे कुठं? माझं शटर आहे, आणि ते मला वाचता येतं."

त्यानं वळून बघितलं. माझ्या खुणा आणि वर चढलेला उजेड.  मग दिव्याजवळ उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी दिवा धरला. मी नट सैल केला. "खाली. अजून. फार झालं. वर, नखभर. धरा." पाना फिरवला.

"आता सरी?" अक्कानं गाडीतून विचारलं.

"सरी."

यजमानांनी माझ्या हातावर चुरमुऱ्यांचा पुडा ठेवला. सुभेदारानं बाकावर सरकून जागा केली. मी बसलो नाही. पुडा घेऊन घरी आलो.

पुढच्या वर्षीही ती गाडी त्याच्याच दारात उभी राहिली. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी दर वर्षी फटीतून मोजायचो आणि दर वर्षी त्याच्याकडं जास्त असायच्या. मी लाल, निळी, पिवळी वायर आणली, रिलेही घालायला लागलो. कुणी विचारलं कुठं शिकलात, तर मी म्हणायचो, एवढ्या वर्षांचा हात आहे, शिकायचं काय त्यात. मात्र दिवे जुळवायची गाडी आली की सुभेदार ती आपल्या दारात उभी करायचा आणि मला हाक मारायचा, "पावणं, शटर ओढा." मी हातातलं काम टाकून शटर ओढायचो.

आणि एक गोष्ट. त्या संध्याकाळी उजव्या दिव्याच्या नटाला पान्यावरचं कुंकू लागलं होतं. मी ते पुसलं नाही. पावसात धुऊन जाईपर्यंत ती गाडी सुभेदारापुढं दोनतीनदा तरी आली असेल, आणि प्रत्येक वेळी त्याला ते दिसलं असेल.